तांबटाने केलेलं झाकण

फार जुनी गोष्ट आहे, पोरांनो. पोरांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. एका राजधानीत एक भली मोठी विहीर होती. कितीही उपसा, तिचं पाणी आटत नसे.

त्या राज्यात विहिरींचा एक रिवाज होता. तोंड मोकळं ठेवायचं, म्हणजे ज्याच्याकडे जे भांडं असेल ते आत सोडता येईल. कुणी पोहरा आणी, कुणी बादली, कुणी मडकं. सगळ्यांना पाणी मिळे.

विहिरीजवळ एक तांबट राहायचा. त्याच्या घागरी इतक्या देखण्या की बघणारा थबकायचाच. पण थबकायचा, कौतुक करायचा आणि पुढे जाऊन कुंभारणीकडून मडकं घ्यायचा. ते बघून तांबटाच्या पोटात दुखायचं.

एकदा भर उन्हाळ्यात तो दमून घरी आला. घटाघटा पाणी प्याला आणि म्हणाला, "वा! आज पाणी काय गार आहे!"

बायको म्हणाली, "कुंभारणीचं नवं मडकं आणलंय. तुमच्या घागरीतलं पाणी कोमट होतं, मी तरी काय करू?"

उरलेलं पाणी त्याने अंगणात भिरकावलं. स्वतःच्या घरात तिचं मडकं! त्याला जेवण गोड लागेना.

तो राजाकडे गेला. "महाराज, एवढी थोर विहीर आणि तिचं तोंड उघडं? मी तांब्याचं झाकण करून देतो. नक्षीदार."

झाकण खरंच सुंदर असणार होतं. पण मधलं भोक अरुंद, तांबटाच्या नव्या उभट घागरीपुरतं. तांब्या गेला असता आत, पण तांब्याभर पाण्याने कुणाच्या घराचं भागतं?

राजा जरा घुटमळला. "आणि आपला रिवाज?"

"रिवाज खेड्यातल्या लहान विहिरींसाठी, महाराज. आपली विहीर सगळ्यांत मोठी. लोकांना इथे आल्यावाचून गत नाही. ते भांडी बदलतील."

राजाला हे ऐकायला फार आवडलं. झाकण बसलं.

लोकांनी कुरकुरत घागरी घेतल्या. ज्यांना परवडल्या नाहीत ते लांबच्या ओढ्यावर जाऊ लागले. कुंभारीण मडकं घेऊन आली, झाकणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, घागर तुझी चांगलीच आहे रे. मग माझ्या मडक्याला कशाला अडवतोस?"

ती भांडली असती तर तांबटाला बरं वाटलं असतं. हे मात्र त्याला झोंबलं.

एका दुपारी वारा सुटला आणि त्याच्याच भट्टीतली ठिणगी छपरावर पडली. कारखाना पेटला. मागच्या खोलीत बायको अडकली. शेजारीपाजारी हाताला लागेल ते भांडं घेऊन विहिरीकडे धावले. पण घाईत उचललेल्या बादल्या, पोहरे, मडकी, एकही भांडं आत जाईना.

तांबट घागर घेऊन धावत आला. पायरीवर ठेचकाळला, घागरीला पोचा पडला. तशीच त्याने ती भोकात कोंबली. ती अडकली. खाली जाईना, वर येईना. पायाखाली विहीरभर पाणी आणि सगळे कोरडे उभे!

"रांजण आणा गं!" कुंभारीण ओरडली. बायकांनी घराघरातले भरलेले रांजण आणून ओतले. वाट झाली, बायको बाहेर आली. कारखान्याची मात्र राख झाली.

बायको समोर धडधाकट उभी होती, आणि तांबटाच्या मनात आधी काय आलं असेल? रांजण कुंभारणीच्या हातचे होते, हे आलं. मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो मान वर करू शकला नाही.

त्याने हातोडा उचलला आणि झाकणावर घाव घालायला सुरुवात केली. तेवढ्यात राजा आला. हळहळून म्हणाला, "किती सुंदर होतं रे!"

"होतं, महाराज," तांबट म्हणाला, "पण लोक इथे पाण्याला येतात." आणि त्याने पुढचा घाव घातला.

तात्पर्य: जिथे सगळ्यांना यावं लागतं तिथलं दार एकट्याच्या मापाचं करू नये, आणि जागा जितकी मोठी, तितका तिने सर्वांचा रिवाज अधिक पाळावा.