मामंजींचा चहा आणि कारखान्याचे कपाट

निवृत्त अभियंता यशवंतराव केळकर यांचा शब्द घरात शेवटचा असे. नव्या स्वयंपाकघरासाठी त्यांनी कारखान्यातील ओट्याची तयार कपाटे पसंत केली आणि नमुन्याचे एक घरी आणवलेदेखील. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांची सून शर्वरी खुर्चीवर बसूनच स्वयंपाक करीत असे. तिने विनवले, "मामंजी, या उंचीवर शेगडी ठेवली, तर मला कढईत डोकावताही येणार नाही. सुताराकडून बेताच्या उंचीची कपाटे करून घेऊ या."

"सुताराचा हात चुकतो, सूनबाई. यंत्राचे माप अचूक असते. माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यावे!"

दुपारी मामंजी आरामखुर्चीत विसावले, तेव्हा शर्वरीने नवऱ्याकडून ते कपाट त्यांच्या शेजारी सरकवून घेतले आणि वाफाळता चहा त्यावर ठेवला. मामंजींनी बसल्या जागेवरून हात उंचावून चाचपडले; कप डगमगला आणि निम्मा चहा बशीत सांडला.

"अगं, इतक्या उंचावर कोणी चहा ठेवतं का?"

"माप अगदी अचूक आहे, मामंजी. आपणच जरा जुळवून घ्यावे."

मामंजींनी बशीकडे पाहिले, मग सुनेच्या खुर्चीकडे, आणि ते मोठ्याने हसले.

"बोलाव तुझ्या सुताराला. भिंत नंतर मोजू. आधी तू खुर्चीत बस; पहिले माप तुझे."