गुरुजींनी आपले आसन हलवले

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या पाठशाळेचा निरोप घेत होते. नदीकाठच्या त्या गावात आज शिकणाऱ्या मुलांचे आजोबासुद्धा त्यांच्याच हाताखाली अक्षरे गिरवून मोठे झाले होते. आता शरीर थकले होते. त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य नीलकंठ शिकवणार होता. नीलकंठ विद्वान होता, प्रेमळही होता. पण गुरुजींच्या शिसवी पाटाजवळून जातानासुद्धा तो अंग चोरून घेई. त्या पाटावर आपण बसायचे, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

निरोपासाठी सारे गाव जमले. हार झाले, नमस्कार झाले. मग गावचे एक व्यापारी हात जोडून उभे राहिले. "गुरुजी, हा पाट आता इथून हलायचा नाही. मी त्याला चांदीचा कठडा करून देतो. रोज हार, रोज निरांजन!"

नीलकंठाचा जीव भांड्यात पडला. तो लगेच म्हणाला, "आणि मी बाजूला, खाली सतरंजीवर बसून शिकवीन."

मागून एक आजोबा बोलले, "ज्याला स्वतःलाच वर बसायचा धीर नाही, त्याचं पोरं काय ऐकणार? मी आपला नातवाला तालुक्याच्या शाळेत घालतो बाबा."

"घाला की!" स्वयंपाकीण यमुनाकाकू म्हणाल्या, "पण मग इथली खीर चाटायला येऊ नका हो!"

लोक हसले. पण दोघातिघा बापांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही मनात तेच होते. नीलकंठाने ते पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

गुरुजींनी यमुनाकाकूंकडे गंध, फूल आणि अक्षता मागितल्या. मुलांना आशीर्वाद द्यायचा असेल, असे सर्वांना वाटले. गुरुजींनी मात्र आपल्याच रिकाम्या पाटाला गंध लावले, फूल ठेवले, अक्षता वाहिल्या आणि उजव्या हाताने तो पाट किंचित सरकवला.

ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांना याचा अर्थ सांगायला नको. विसर्जनाआधी उत्तरपूजा करून मूर्ती अशीच जागची हलवतात.

"अहो गुरुजी, हे काय अभद्र!" यमुनाकाकू कळवळून म्हणाल्या. "चांगले धडधाकट आहात की तुम्ही!"

"म्हणून तर ही उत्तरपूजा माझ्या हातानं करता आली, यमुनाबाई," गुरुजी हसून म्हणाले.

नीलकंठाच्या डोळ्यांत पाणी आले. "गुरुजी, असं का केलंत? तुमचा एवढा पाट तरी आमच्यापाशी राहू द्यायचा होता."

"बाळ, आपण घरी आणतो ती मूर्ती मातीची असते. आपण बोलावतो म्हणून देव तिच्यात येऊन राहतो. दिवस भरले की अक्षता वाहून आपण तिला हलवतो. मग देव कुठे जातो? ज्यांनी त्याची सेवा केली, त्यांच्याच हृदयात तो परत जातो, असं माझी आई सांगायची. मूर्ती हलवलीच नाही, तर आपण मातीलाच नैवेद्य दाखवत बसू. या पाटावर विद्या येत होती. मी नुसती माती. आता विद्येला तुझ्याकडे यायचं आहे, आणि तू मध्ये कठडा घालतोस?"

त्यांनी पाटावरून हात फिरवला. "हात माझाही जड झाला रे. मूर्ती हलवताना कुणाचा होत नाही?"

व्यापारी हळूच म्हणाले, "मग गुरुजी, चांदीचं काय करू?"

"स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय. यमुनाबाईंना विचारा."

नीलकंठाने वाकून गुरुजींचे पाय धरले. मग तो उठला, पाटाला हात लावून नमस्कार केला आणि त्यावर बसला. मुलांनी चुळबुळ केली, एकमेकांकडे पाहिले. नीलकंठाने शिकवायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला त्याचा आवाज थरथरला. दुसरीला तो स्थिर झाला. हळूहळू मुले पुढे सरकून बसली.

वृद्ध गुरुजी मागे जाऊन पालकांमध्ये मांडी घालून बसले होते. शेजारी ते मघाचे आजोबा होते. त्यांचा नातू त्यांना बिलगून काहीतरी विचारत होता. आजोबांनी त्याला हलकेच पुढे सारले.

"मला काय विचारतोस? जा, पुढे जाऊन बस. गुरुजी शिकवतायत."

वृद्ध गुरुजींनी समाधानाने डोळे मिटले आणि तेही ऐकू लागले.