खरवडलेला डिंक

एका राज्यात असा राजा होता, ज्याला मागणं म्हणून ठाऊक नव्हतं. हवं ते तो आणवी. नाही आलं तर ओढून घेई. नाव प्रतापमल्ल. मिशा पिळदार, आवाज दणदणीत, आणि सगळा जीव एकाच ठिकाणी गुंतलेला: लेक केतकावली. दरबारात गरजणारा हा गडी लेकीपुढे म्हणजे नुसतं लोणी.

राजवाड्यामागे एक थोरला, जुना वृक्ष होता. त्याच्या ढोलीत मधमाश्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या नांदे. राजघरात कुणाचा वाढदिवस असला की पोळ्याचा एक कोपरा कापायचा, पहिला घास मधाचा द्यायचा, आणि बाकी कशाला हात लावायचा नाही, अशी रीत होती.

केतकावलीच्या वाढदिवशी राजाने ढोलीत डोकावून पाहिलं. भिंतींवर, फटींत, दाराशी माश्यांनी काळसर तपकिरी डिंक थापलेला. राजाने नाक मुरडलं. "माझ्या लेकीचा घास या घाणीतून यायचा? खरवडा सगळं!" सेवकांनी ढोली घासून लख्ख केली. डिंक उकिरड्यावर गेला. राजा खूश. आता यावर काय बोलावं!

पाठोपाठ ढोलीत ओल शिरली, बुरशी चढली, माश्यांची पिल्लं कुजली. तेव्हा माश्यांची राणी सिंहासनाच्या हातावर येऊन बसली, आणि सगळ्या दरबाराने तिचं बोलणं ऐकलं.

"राजा, माझ्या घराची कातडी सोललीस. तुझ्या घरचीही सोलली जाईल."

त्याच सांजेला केतकावलीच्या अंगावर लाल चट्टे उठले. ते सुजले, ठणकले, त्यांची सालपटं निघू लागली. वैद्यांनी चंदन लावलं, मांत्रिकांनी मोरपिसं फिरवली. गुण म्हणून नाही. रेशीम लागलं तरी पोर कळवळे. "बाबा, मला कुरवाळू नका, दुखतं," ती म्हणाली, आणि राजा दाराआड जाऊन ढसाढसा रडला.

खिडकीत एक वेडा राघू बसला होता. नावाचाच राघू, पोपट नव्हे: चिमणीएवढा पक्षी, हिरवागार, लांब चोचीचा. माश्या मटकावणं हा त्याचा पिढीजात धंदा. तो म्हणाला, "रडून काय होणार? जिचं घर मोडलंस, तिच्या दारी जा."

"मला सांगणारा तू कोण?"

"मी तिच्या लेकी रोज खातो. तरी तुझ्यापेक्षा माझं तिच्याशी बरं आहे. मी पोट भरतो, घर मोडत नाही."

राजाला ते चांगलंच झोंबलं, पण पटलंही. तो एकटा ढोलीपाशी गेला.

राणी म्हणाली, "तीन कामं आहेत. पहिलं, धूर न करता, चिलखत न घालता माझ्या दारात उभा राहा."

माश्या अंगभर बसल्या, कित्येक डसल्याही. राजा हलला नाही.

"दुसरं. खरवडलंस ते भरून दे."

राजा उकिरड्याकडे धावला, तर डिंक केव्हाच मातीत गेलेला. मग काय, निघाले महाराज रानात! माश्या पुढे, राजा मागे. कोवळ्या कळ्यांवरचा चीक, सालीच्या जखमेतून झरलेला चीक, सगळा त्याने नखांनी गोळा केला, मेणात मळला आणि ढोलीच्या फटी लिंपल्या. नखं फुटली, बोटं काट्यांनी फाटली.

"महाराज, तो वरचा कोपरा राहिला हो!" राघू फांदीवरून ओरडला.

"तोंड आवर!" म्हणत राजाने तोही लिंपला.

ढोलीच्या तळाशी, सेवकांचे हात न पोचलेल्या कपारीत, त्याच्या हाताला एक उंदीर लागला. मेलेला, डिंकात गुंडाळलेला.

"माझ्या पणजीच्या काळात मध चोरायला शिरला होता," राणी म्हणाली. "डसून मारला, पण बाहेर ओढवेना. मग लिंपून टाकला."

राजाने तो भीतभीत नाकाशी नेला. कुजका वास नाहीच. वास आला रानाचा. मग त्याने स्वतःचे हात निरखले. डिंकाने माखलेली बोटं शांत होती, त्यांची सूज उतरली होती. कोरडं राहिलेलं मनगट मात्र डंखांनी टरारून फुगलेलंच होतं. राजाला उमगलं. लेकीचं औषध त्याने आपल्याच हुकुमाने उकिरड्यावर टाकलं होतं.

आता ढोलीभर डिंक हाताशी होता. हात पुढे गेलाच. जित्याची खोड ती! राघूने डोळे मिटून घेतले. पण हात अर्ध्यावर थांबला.

"तिसरं काम कोणतं?" राजाने विचारलं.

"ते मी सांगायचं नाही," राणी म्हणाली.

राजा गुडघ्यांवर बसला. जन्मात पहिल्यांदा त्याने ओंजळ पसरली. "माउली, माझी पोर जळते आहे. थोडा द्याल का? नाही म्हणालात, तरी हे घर मी लिंपत राहीन."

ढोली घुमत राहिली. मग राणी म्हणाली, "हरभऱ्याएवढा घे. तुपात कोमट करून विरघळव. पण आधी तिच्या मनगटाच्या आत मोहरीएवढा लाव आणि एक रात्र थांब. सगळ्याच अंगांना हा मानवत नाही. मानवला, तरच पुढे."

कधी कशासाठी न थांबलेला राजा थांबला. सकाळी मनगटावर पुरळ नव्हतं. मग त्याने हंसाच्या पिसाने चट्ट्यांवर मलम फिरवलं. आधी ठणका गेला, मग लाली ओसरली, आणि हळूहळू खालून नवी कातडी आली. तिकडे ढोलीत नवी पिल्लं वळवळू लागली. शाप सुटला.

राघू तुरुतुरु पुढे आला. "माझं बक्षीस? रोज एक माशी द्या."

"त्या माझ्या नव्हेत," राजा म्हणाला. "त्यांच्याकडे माग."

राघू काही मागायला गेला नाही. तो अजून चोरूनच खातो.

पुढच्या वाढदिवशी राजाने आधी ढोलीची एक फट बुजवली, मग मधासाठी ओंजळ पसरली. तसाच डिंकाने काळवंडलेल्या हातांनी तो महालात आला. दासीने पाण्याचं घंगाळ पुढे केलं, पण केतकावली आधीच धावत आली होती.

"राहू द्या हो बाबा," ती म्हणाली. "आता कुरवाळा मला."

राजाने तेच चिकट हात तिच्या गालांवर ठेवले.