उभी राहिलेली कडी

बादल्यांना कड्या बसवणारा कोंडिबा वारला आणि तेराव्या दिवशी इनामदारांच्या अंगणातल्या बादलीची कडी आपोआप उभी राहिली. वारा नव्हता. आडवी करावी, तर पुन्हा उभी!

इनामदार गरजले, “गेन्या, भावाचं भूत आवर, नाहीतर गाव सोड!”

धाकटा गेनू डोळे पुसत म्हणाला, “सरकार, गिऱ्हाइकानं भरली बादली स्वतः उचलून बघेपर्यंत दादा कडी सोडत नसे. ही बादली न्यायला तुम्ही तर गडी धाडला होता. आता उचला, सोडेल तो.”

सारा गाव बघत होता. इनामदारांनी जन्मात पहिल्यांदाच पाणी उचललं. बादली खाली टेकताच कडी खणकन आडवी पडली.

इनामदारांना हायसं वाटलं. गेनूनं मात्र हंबरडा फोडला. दादानं आता खरोखरच हात सोडला होता.