वराहराव रडले तेव्हा

माकडं नाटक कंपनी चालवायची, त्या काळातली गोष्ट. ओढ्याकाठच्या बाभळीला सुगरणीचा खोपा टांगलेला होता आणि खोप्यात तीन पिल्लं होती. खाली वराहराव आणि त्यांची रानडुकरं कंद काढायच्या नावाखाली बाभळीची मुळंच उकरत होती. बाभूळ रोज वीतभर पाण्याकडे झुकत होती.

माकडांनी यावरच बालनाट्य बसवलं. तालमीला वराहराव स्वतः हजर. "शेवटी झाड पडतं? छे छे, पोरं दचकतील! जरा गोड करा. करवंदं आमच्याकडून."

मग नाटकातलं डुक्कर खारीच्या पोरीचं गाणं ऐकून विरघळलं, हमसून रडलं आणि आंब्याची कोय पुरून नाचलं. पहिल्या रांगेत खरे वराहरावही ढसाढसा रडले. सुगरणीने तर पंख दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

ती घरी येते तो वराहराव पुन्हा मुळाशी!

"अहो, तुम्ही तर सुधारलात ना?"

"सुधारलो की, ताई! तुमच्यादेखतच तर रडलो," वराहराव माती उडवत म्हणाले.

गोंधळलेली सुगरण शेजारच्या कावळीणकाकूंकडे धावली. चोचीवरचा करवंदाचा रस पुसत काकू म्हणाल्या, "गप गं! इतक्या हळव्या डुकरावर संशय घेतेस?"

खोपा आता पाण्याला टेकायला आला होता. सगळं इतकं गोड झाल्यावर ही बाभूळ अजून वाकतेय तरी कशाला, हे काही सुगरणीला कळेना. शेवटी तिने झाडालाच दटावलं, "अगं बये, सरळ हो की! नाटक बघितलं नाहीस का तू?"