सोनबाचं तिरकं पातं

नदीकाठच्या एका गावात सोनबा नावाचा सुतार राहत होता. हात चपळ, अंगात ताकद, पण चूक झाली की ती कधी त्याची नसायची. कधी लाकूड वाईट, कधी हवा दमट, कधी लोहार अडाणी.

त्या वर्षी गावाची जुनी होडी कुजली. होडी नाही म्हटल्यावर पलीकडच्या बाजाराला, दवाखान्याला लांबच्या पुलावरून वळसा पडू लागला. लोकांनी नवी होडी बांधायला सोनबाला सांगितलं.

सोनबाने रंध्याच्या पात्याला अशी धार लावली की मनगटावरचे केस अलगद उतरले. ते पातं त्याने रंध्यात खुपसलं, वरून पाचर ठोकली आणि फळ्यांच्या कडा तासायला बसला.

त्याची बायको कोंडाबाई सुताराचीच लेक. खाली पडणारे छिलके बघून ती म्हणाली, "अहो, हे एका बाजूला जाड निघतायत, दुसऱ्या बाजूला पातळ. पातं तिरकं बसलंय."

"धार बघितलीस का?"

"धार आहे हो! मी बसवण्याबद्दल बोलतेय. रंधा उलटा करून एकदा डोळ्यासमोर धरा तरी!"

"लोक होडीची वाट बघतायत. खेळत बसायला वेळ नाही मला."

कोंडाबाईने कपाळावर हात मारला. सगळ्या कडा तिरक्या तासल्या गेल्या. फळ्या जोडल्यावर आतून सांधे मिटलेले आणि बाहेरून फटी. सोनबाने त्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर फासलं आणि होडी तयार झाल्याचं सांगून टाकलं.

हिरोजी नावाडी होडीभोवती फिरला, डांबराचे जाड थर बघितले आणि म्हणाला, "पहिल्या फेरीला बांधणाराच बसेल."

सोनबा ऐटीत बसला. कोंडाबाईही चढली. "तू कशाला?" त्याने विचारलं.

"मला पोहता येतं. तुम्हाला येत नाही."

होडी जरा आत गेली न गेली, तोच डांबर सुटलं, चिंध्या तरंगू लागल्या आणि पाणी घोट्यापर्यंत आलं. हिरोजीने होडी गर्रकन वळवली. कोंडाबाई घमेल्याने पाणी उपसत होती आणि सोनबा ओरडत होता, "लाकूडच ओलं होतं! मी आधीच म्हणालो होतो!"

"अरे, गप्प बस आणि पाणी काढ!" हिरोजी खेकसला.

काठाजवळ येता येता होडी बुडाली. तिघे कमरभर पाण्यातून बाहेर आले. सोनबाने पुन्हा लाकडाचं नाव काढलं. कोंडाबाईने पदर पिळला आणि ती सरळ घराकडे चालू लागली. आजवर ती चिडायची, भांडायची. आज तिने नादच सोडला होता, आणि ते सोनबाला फार लागलं.

तो घरी गेला. रंधा उलटा करून उजेडात धरला. पात्याचा एक कोपरा तळातून ठळक वर आला होता, दुसरा आतच दडला होता. आंधळ्याच्याही हाताला लागलं असतं!

त्याने पाचर काढली. पातं दगडावर पुन्हा घासलं, जागेवर ठेवलं, हलके ठोके देत सरळ केलं. दोन्ही बाजूंना छिलका सारखा पातळ निघेपर्यंत तो पुन्हा पुन्हा तपासत राहिला. मग होडी पाण्यातून ओढून काढून खोलली आणि एकेक कड नव्याने तासली.

सांधे घट्ट बसले. पण दोनदा तासून फळ्या अरुंद झाल्या होत्या, त्यामुळे होडीही अरुंद झाली. बाजाराच्या दिवशी हिरोजीला जास्त फेऱ्या माराव्या लागत आणि काठावर ताटकळणारे लोक कुरकुरत.

"होडी एवढी लहान का केली रे?" एकाने वैतागून विचारलं.

"पातं तिरकं बसवलं होतं मी," सोनबा म्हणाला. "बायको सांगत होती. ऐकलं नाही."

घ्यायचा बोध असा: हत्यार नुसतं धारदार असून भागत नाही, ते सरळही बसवावं लागतं. आणि काम बिघडलं, तर लाकडाला बोल लावण्याआधी आपल्या हातातलं हत्यार उलटून बघावं.