कोरी पाठ

“मग? निकाल काय लागला?”

हुसेन वस्तादांनी मान वर न करता विचारलं. दुपारची वेळ, तालमीत दुसरं कोणी नव्हतं. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून ते लाल मातीतले खडे वेचत होते.

“सुटलो, वस्ताद. निर्दोष!” जयसिंग खोत दारातूनच म्हणाला.

जयसिंग कॉलेजात खेळाचा मास्तर. ऐन उमेदीची दहा वर्षं त्याने कुस्त्या मारल्या, एकदाही पाठीला माती लागू दिली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. आता वस्ताद थकले होते आणि तालीम कोणाच्या तरी हवाली करायची होती. जयसिंगला ती हवी होती. इतकं मनापासून त्याला आयुष्यात दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

पण चार महिन्यांपूर्वी बाजाराच्या चौकात लोखंडे हवालदारांनी त्याची मोटारसायकल अडवली आणि सिग्नल तोडला म्हणून पावती फाडली. जयसिंगने भर चौकात त्यांना खोटारडा म्हटलं. दंड भरायचं सोडून तो कोर्टात गेला. वस्ताद तेव्हा एवढंच म्हणाले होते, “ते मिटव. मग किल्ली ने.”

किल्ली भिंतीवर खुंटीला होती. आत आल्या आल्या जयसिंगने आधी तिच्याकडे पाहिलं.

“हवालदार काय म्हणाला कोर्टात?”

“आलाच न्हाई की! बंदोबस्ताला गेला म्हणं. आधीच्या तारखेलाबी न्हवता. आज तीनदा पुकारा झाला, साहेबांनी वाट बघितली आन् केस काढून टाकली.”

“सिग्नल लाल होता का रं?”

“पुरावाच न्हाई, वस्ताद.”

“लाल होता का?”

“अवो, कोर्टानंच सोडलं म्हटल्यावर…”

वस्तादांनी एक खडा वेचला, बाजूला टाकला.

“कपडे काढ. लंगोट बांध आन् हौद्यात उतर.”

जयसिंगला बरं वाटलं. किल्ली देण्याआधी म्हातारा एकदा अंग बघून घेणार, असा त्याने हिशेब केला. पोट जरा सुटलं होतं, ते आत ओढून तो हौद्यात उतरला.

या तालमीचा एक रिवाज आहे. आपल्या अंगाला आपण माती लावायची नाही. समोरचा आपल्याला लावतो, आपण त्याला लावतो. त्याशिवाय कुस्ती लागत नाही.

जयसिंगने मांड्या ठोकल्या आणि पवित्रा घेतला.

“जोड कोण, वस्ताद?”

“थांब.”

वस्ताद खडे वेचत राहिले. पत्र्यावर कावळा येऊन बसला, थोडा नाचला, उडून गेला. जयसिंगच्या मांड्या भरून आल्या. आत ओढलेलं पोट कधीच बाहेर आलं होतं.

“वस्ताद… कोण येणार हाय?”

“कुणी न्हाई.”

“मग मी जिंकलो म्हणायचं का?” तो हसला. वस्ताद हसले नाहीत, तेव्हा त्यानेही आवरतं घेतलं.

“वळ. पाठ बघू.”

तो वळला.

“कोरी हाय,” वस्ताद म्हणाले.

“असणारच की. कधी लागलीच न्हाई.”

“आता इकडं तोंड कर.”

वस्ताद गुडघ्यावर हात रेटून उठले. खांद्यावरच्या टॉवेलला त्यांनी हात पुसले, एकेक बोट नीट पुसलं. मग पुढे होऊन जयसिंगच्या छातीवरून एक बोट ओढलं आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

“हीबी कोरीच. जोडच आला न्हाई, कुस्ती कुठं झाली?”

जयसिंग त्या बोटाकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली. चौकात वाटली नव्हती, कोर्टात तर मुळीच नाही…

“ने ती किल्ली,” वस्ताद म्हणाले. “मिटव म्हणालो हुतो, मिटलं. माझा शब्द हाय.”

आणि ते परत खडे वेचायला बसले.

जयसिंग हौद्यातून वर आला. खुंटी चार पावलांवर होती आणि अडवणारं कोणी नव्हतं. त्याने हात वर केला. किल्लीला बोटं लागली आणि तिथेच थांबली.

“…लाल होता, वस्ताद.”

वस्तादांनी हातातला खडा खाली ठेवला.

“लोखंडे खरं बोलत हुते. मी त्यांना खोटारडा म्हणालो. समद्या बाजारापुढं.”

वस्ताद पुन्हा उठले. या वेळी हात पुसले नाहीत. त्यांनी मूठभर माती घेतली, जयसिंगच्या मागे गेले आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध ती जोरात थापली.

“लागली,” ते म्हणाले. “धुवायची न्हाई. सदरा हातात धर आन् चौकातनं घरी जा. उद्या पहाटे दार तू उघड.”